शकुबाई आणि तळावरचं वाढं

कार्तिकातली अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी खंडोबाचं नवरात्र बसायचं, म्हणून शकुबाईनं देव्हाऱ्यातले सगळे देव परातीत काढले होते. पितळी अन्नपूर्णा, बाळकृष्ण, घंटा, समई चिंचेच्या कोळानं घासून झाली होती आणि पडवीत ओल्या फडक्यावर उन्हाला लखलखत पडली होती. चांदीचे टाक राहिले होते. त्यांना चिंच चालत नाही, रांगोळीची पूड लागते. पूड वाटीत काढून तिनं खंडोबाचा टाक हातात घेतला, तेवढ्यात सून दारातून आत आली.

सून म्हणजे राजेश्वरी. पडवळमळ्यावरच्या शाळेत पोरांची खिचडी तीच शिजवते. तांदूळ वैरल्यावर मीठ संपल्याचं ध्यानात आलं, म्हणून ती धावत घरी आली होती. मिठाची बरणी काखोटीला मारून ती परत निघाली आणि उंबऱ्यातच थबकली.

"आत्या, तुमच्या छकुलीचं नाव काढणार हायत."

"कुठनं काढणार?"

"पटावरनं. सर म्हणत व्हते, पोरगी येतच न्हाय. चंपाषष्ठीपतूर वाट बघतो म्हणले, मग कमी करतो."

शकुबाईनं टाक परातीत ठेवला. हात लुगड्याला पुसले. देव अर्धे उजळलेले, अर्धे काळे, असे टाकून ती उठली. चिंचेचा वास हाताला तसाच होता. एरवी घासायला काढलेले देव पुन्हा जागेवर गेल्याशिवाय ही बाई पाण्याचा घोटही घेत नाही. पण त्या दिवशी तिला राग आला होता, आणि शकुबाईचा राग साऱ्या मळ्याला ठाऊक आहे. ती ओरडत नाही, भांडी आपटत नाही. ती चपला घालते.

छकुली ही ऊसतोड्यांची पोर. बीडकडची टोळी दिवाळी झाल्यावर आली आणि कालव्याच्या पुलापलीकडं माळावर उतरली. बांबूच्या कामट्या आणि ताडपत्री यांच्या कोप्या, मधी बैलं, गाड्या आणि चुली. टोळीच्या ह्या तळावर पाणी नव्हतं. म्हणून छकुली रोज दिवस मावळताना हंडा घेऊन शकुबाईच्या नळावर यायची. हंडा भरेपर्यंत बोलायची. पाचवीत आहे म्हणाली. पुढं म्हणाली, दुसऱ्यांदा आहे. गेल्या साली ज्या गावाला टोळी होती तिथं शाळेनं घेतलं नाही, आणि आपल्या गावी परत जाईतो वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. पाचवीला परीक्षा दिल्याशिवाय वर चढवत नाहीत. पोर हुशार, पण दोन गावांच्या मधी सांडली.

शकुबाईनं दुसऱ्याच दिवशी तिच्या आईला गाठलं होतं. आईचं नाव झुंबरबाई. "पोरगी माझ्या भरवशावर शाळंत घाल," असं सांगून तिच्याकडून शब्द घेतला होता, आणि स्वतः हाताला धरून पोरीला वर्गात बसवून आली होती. आता यंदाही नाव गेलं, तर छकुली तिसऱ्यांदा पाचवीत बसायची नाही. तिसऱ्या वर्षी पोरीच्या हातात पाटी नसते, कोयता असतो. एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही.

शाळा मळ्याच्या मधोमध, लिंबाखाली. चिंतामण सर ओट्यावर उभे होते. बारामतीहून गाडीवर येणारा माणूस, वागायला वाईट नाही. पोरांच्या नाकाला फडकं लावतो, स्वतःच्या खिशातून खडू आणतो.

"या काकी. खिचडी व्हायची आहे अजून."

"मी जेवायला न्हाय आले. छकुलीचं नाव काढताय म्हणं."

सरांनी चष्मा काढला. "काढायची हौस आहे का मला? तुम्हीच सांगा. गणवेश दिला, पुस्तकं दिली. दोन दिवस येते, चार दिवस गायब. नसताना हजर लावू? मी तळावर दोनदा जाऊन आलो. आई फडात, बाप गाडीवर, आणि ही म्हणते, उद्या येते सर. काकी, त्यांनाच शिकायचं नाही. आणि तसंही मार्चात निघून जाणार. किती दिवसांची पाहुणी आहे ती?"

शेवटचं वाक्य सर सहज बोलून गेले. शकुबाईच्या मात्र डोक्यात जाळ झाला.

तो कशानं झाला ते सांगायला हवं. शकुबाईचं जन्मगाव आता उजनीच्या पाण्याखाली आहे. ती सात-आठ वर्षांची असताना बापानं जातं, दोन शेरडं आणि पोरं बैलगाडीत घातली आणि तो कळसला मेव्हण्याच्या आसऱ्याला आला. तिथल्या शाळेत मास्तर तिला रोज दाराशी बसवायचा, चपलांच्या शेजारी. "धरणवाल्याची पोर" हेच तिचं नाव. आणि रोज तोच प्रश्न, "किती दिवस हाय गं तुमी हितं?" तिनं घरी येऊन बापाला विचारलं. बापालाही ते माहीत नव्हतं. ज्याला आपण किती दिवस आहोत हे सांगता येत नाही त्याला आत बसवायचं नाही, असा काहीतरी कायदा असावा असं तिला वाटलं. वर्षभर चपलांशेजारी बसून ती एक दिवस गेलीच नाही, आणि कुणी विचारायलाही आलं नाही. पुढं लग्न होऊन मळ्यावर आल्यावर सासऱ्यांच्या पोथीवर बोट फिरवून ती अक्षरं शिकली. आज पोथी घडाघडा वाचते. पण कुठल्याही शाळेच्या दारातल्या चपला बघितल्या की तिचा चेहरा अजून कडू होतो.

"सर," ती म्हणाली, "पाहुणी हाय तर पाहुणीला आत बसवत्यात. पटावरनं काढत न्हाईत."

"षष्ठीपर्यंत आणा तिला. रोज आली तर मला काय, आनंदच आहे."

"आणते," असं म्हणून ती निघाली. पण राग आता सरांवरून झुंबरबाईवर गेला होता. शब्द देऊन मोडला. बाईला बाईनं दिलेला शब्द.

टोळी त्या दिवशी कालव्याखालच्या फडात होती. कोयत्यांचा आवाज बांधावरून ऐकू येत होता. झुंबरबाई वाकून ऊस तोडत होती आणि धाकटं पोर बांधावर साडीच्या झोळीत झोपलं होतं. तिनं शकुबाईला येताना बघितलं, पण हात थांबवला नाही.

"या काकी. लई रागात आलाव जणू."

"शब्द दिला व्हतास मला."

"दिला व्हता. मोडला." ऊस तुटला, शेंडा वेगळा झाला, ऊस एका बाजूला, शेंडा दुसऱ्या बाजूला.

"तोंड वर करून सांगतीस?"

"मान खालीच हाय की माझी. सकाळधरनं." झुंबरबाईनं आता पाठ सरळ केली, कोयता खांद्यावर टाकला. "कामून मोडला ते इचारा. रागवायच्या आधी इचारत्यात."

"सांग."

"हे बगा वाढं." तिनं पायानं शेंड्यांचा ढीग दाखवला. उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला, गाईम्हशींना आवडणारा. तोड्यांनी तो मोळ्या बांधून विकायचा, हा त्यांचा हक्क कुठल्याही फडात धरलेला. "पहाटंचं वाढं गाडीवर तळावर जातं. त्याच्यावर आमचं रोजचं मीठ-तेल. आता ते घ्यायला तुमचे लोक कवा येत्यात? डेअरीला दूध घालणार, घरी न्याहारी करणार, मिशा पुसणार, मग दहा-अकराला गाड्या काढून तळावर येणार. त्या टायमाला तिथं माणूस नसलं, तर मोळ्या उचलून चालते होत्यात. संध्याकाळी इचारलं तर म्हणत्यात, कुणी नव्हतंच, कुणाला इचारायचं. मी हितं, नवरा गाडीवर, हे झोळीत. मग वाढ्यावर कोण बसणार? सांगा की. तुमी बाई हुशार हाव."

शकुबाईनं ढिगातला एक शेंडा उचलून बघितला.

"सोडलं व्हतं मी तिला शाळंत. पैल्या आठवड्यात. मोळ्या गेल्या सगळ्या. त्या आठवड्यात चटणीला तेल नव्हतं, काकी."

"कोण न्हेतं असं उचलून?"

"नावं कशाला घेऊ. आमाला मार्चापर्यंत हितंच ऱ्हायचंय." झुंबरबाई पुन्हा वाकली. मग वाकूनच, हसल्यासारखं करून म्हणाली, "तुमचे संभाजीआबा चोरत नाईत बरं का. भला माणूस. भाव करत्यात, पर देत्यात. सगळ्यांच्या आधी तेच येत्यात रोज. अन् पोरीला इचारत्यात, शाळंत कामून नाय गेलीस म्हणून."

संभाजीआबा म्हणजे शकुबाईचा नवरा. त्यांच्या गोठ्यात दोन गाई. दोन्हींची धार ती स्वतः काढते, आणि गव्हाणीत वाढं रोज तिच्याच हातानं पडतं. तळावरून येतं एवढं तिला माहीत होतं. किती वाजता येतं, ते विकायला तिथं कोण बसलेलं असतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. घरात वैरण आली की आली. तिच्या चहातलं दूध त्या पोरीच्या शाळेच्या वेळेतून येत होतं, आणि ती सरांवर आणि झुंबरबाईवर चपला झिजवत होती.

ती बांध उतरली तेव्हा तिचा राग कमी झाला नव्हता. त्याला फक्त आता घरचा पत्ता मिळाला होता.

तळावर तीन-चार मोटरसायकली लागल्या होत्या. हिरव्या मोळ्यांचा ढीग कमरेएवढा, आणि त्याच्यावर छकुली. अंगात शाळेचा गणवेश, मांडीवर दप्तर. म्हणजे पोर सकाळी शाळेची तयारी करून बसली होती, मोळ्या लवकर संपल्या तर जाऊ म्हणून. तिच्या समोर संभाजीआबा गाडीच्या मागं मोळ्या दोरीनं आवळत होते आणि बोलत होते.

"अगं, शिकावं माणसानं. शिकल्याबिगर जगात काय हाय? आमी न्हाय शिकलो, बघ आमचं काय झालं. शाळंत का न्हाय गेलीस आज?"

"तुमी येणार व्हता ना, आबा," छकुली म्हणाली.

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. विचारलं, म्हणून सांगितलं. बाजूला मोहनराव दुसऱ्या मोळीला हात घालत होते, ते हसले. हे मोहनराव शाळेच्या समितीचे अध्यक्ष. झेंड्याच्या दिवशी माइक हातात आला की शिक्षणावर बोलताना तो सोडायचं नाव घेत नाहीत.

शकुबाई गाडीजवळ गेली आणि तिनं दोरीची गाठ सोडली. मोळ्या घसरून खाली आल्या.

"अगं, काय करतीस?" संभाजीआबा दचकले. "आन तू हितं कशी? देव घासत व्हतीस न्हवं?"

"देव थांबले घासायचे. हे आधी घासायला पाहिजे." तिनं दुसरी गाठ सोडली. "ह्या पोरीला हितं कुणी बसवलंय, ठाऊक हाय तुमाला?"

"तिच्या आईनं."

"तुमी. रोज शाळंच्या टायमाला येऊन. आन वर तिलाच इचारताय, शाळंत का न्हाय गेलीस. लाज वाटत न्हाय?"

मोहनराव पुढं झाले. "वहिनी, गाय काय शाळा सुटायची वाट बघती का? तिला भूक लागती तवा वैरण लागती."

"अध्यक्ष, तुमच्या गाईला सकाळचा कडबा हाय घरात. मी बघितलाय. पाचाला शाळा सुटती, पाचाला न्ह्या की वाढं. पर पाचाला तुमाला चौकात बसायचं असतं."

"पाचाला वाळतं ते."

"पाणी मारून झाकलं की पाचापर्यंत काय व्हत न्हाय. तुमची आई तसंच करायची, मी शेजारीच ऱ्हायला हाय." तिनं श्वास घेतला. "आन तुमी भाव तरी करता का, का नुसतं उचलता, हे मी ह्या पोरीला इचारत न्हाय. तिला मार्चापर्यंत हितं ऱ्हायचंय."

मोहनरावांनी हातातली मोळी खाली ठेवली नाही. गाडीवर टाकली, छकुलीच्या हातात पैसे दिले, नेहमीपेक्षा जरा जोरात, आणि गाडी चालू करून निघून गेले. उरलेल्यांतल्या एकानं हळूच म्हटलं, "आबा, आज धार तुमालाच काढाया लागणार," आणि दोघं हसले. कारण संभाजीआबांना त्यांच्या गाई हात लावू देत नाहीत, हे मळ्यावर सगळ्यांना माहीत आहे.

"व्हय," शकुबाई म्हणाली. "बरोबर बोललास. पाचाच्या आत आलेलं वाढं माझ्या गव्हाणीत पडणार न्हाय. पडलं, तर धार त्यांनी काढायची."

तिनं छकुलीला ढिगावरून उतरवलं आणि शाळेत धाडलं. पोर दप्तर पाठीला लावून पळाली, मधीच थांबून मागं बघितलं, मोळ्यांकडं, आणि पुन्हा पळाली. ते मागं बघणं शकुबाईला सगळ्यात जास्त लागलं. बाकीच्यांना रिकाम्या हातानं परत धाडून तिनं उरलेला ढीग पाचापर्यंत झाकून ठेवला.

दुपारभर ती मळ्यावरच्या बायकांकडं फिरली. धारा बायकाच काढतात, म्हणून तिनं बायकांनाच गाठलं. कुणी म्हणाली, बरोबर हाय काकी. कुणी म्हणाली, तुझा नवरा तुझं ऐकतो, माझा ऐकतो का. मोहनरावांच्या घरी दार अर्धंच उघडलं. "तोड्यांच्या पोरी शिकून काय करणार, पुढच्या साली पुन्हा येणारच की कोयता घेऊन," असं आतून उत्तर आलं. शकुबाई म्हणाली, "आपणच तर धाडतो त्यांना कोयत्याकडं." दार लागलं. षष्ठीच्या नैवेद्याला ह्याच घरून दरवर्षी भरताला वांगी येतात. यंदा विकत आणायची, असं तिनं परत येताना ठरवून टाकलं.

दिवस कलताना संभाजीआबांनी वाढं आणलं नाही. रागानं आणलं नाही. कडबा टाकला आणि कासंडी घेऊन स्वतःच गाईखाली बसले. गाईनं एक लाथ दिली, कासंडी उकिरड्यापर्यंत गेली. राजेश्वरीनं तोंडाला पदर लावला. शकुबाई हसली नाही. ती पुढं झाली, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि धार काढली, कारण गाईचा काही गुन्हा नव्हता.

आबा ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "पाचाला आणीन मी. पर सकाळी राखणार कोण? मोहनराव काय पाचापर्यंत थांबणार हाय? पोरगी शाळंत, ढीग रिकामा. मग तिच्या आईनं काय करायचं?"

हा प्रश्न खरा होता. दुपारभर तो शकुबाईच्याही पायांत फिरत होता.

"मी बसते," ती म्हणाली.

"कुठं?"

"वाढ्यावर."

"पडवळांची बाई तळावर वाढं विकत बसणार? लोक काय म्हणतील?"

"इतके दिस अकरा वर्षांची पोर बसली, तवा लोक काय म्हणले? काय म्हणलं असलं तर तुमाला ऐकू आलं का?"

आबा उठून आत गेले.

मावळतीला झुंबरबाई स्वतः हंडा घेऊन नळावर आली. पोरीनं तिला सगळं सांगितलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आभार नव्हते, आणि असायचं कारणही नव्हतं.

"काकी, तुमी बसणार म्हणं ढिगावर."

"बसणार."

"किती दिस?"

शकुबाईनं नळ सोडला. हाच प्रश्न तिला आयुष्यभर दुसऱ्यांनी विचारलेला ऐकू येत आला होता, आणि आज झुंबरबाईनं तो तिलाच विचारला होता. मनात आलेली उत्तरं सगळी खोटी निघाली असती. कारण पाय दुखतात, हिवाळा आहे, घरात नवरात्र आहे. हंडा भरला. तिनं तो झुंबरबाईच्या डोक्यावर चढवून दिला आणि म्हणाली, "उद्या तर बसते. भाव काय लावायचा तेवढं सांगून ठेव."

"कमी करू नका कुणाला. तुमच्या आबांना बी."

"त्यांना तर मुळीच न्हाय."

सकाळी ती उठली तेव्हा खंडोबाचा टाक घासलेला होता. आबांनी घासला होता, पुरुषी हातानं, जोर लावून. देवाचा चेहरा लख्ख, आणि घोड्याच्या पायांत रांगोळीची पूड तशीच अडकलेली. तिनं ती काडीनं काढली. देवाला न्हाऊ घातलं, विड्याच्या पानावर बसवलं, घट मांडला, दिवा लावला. हात जोडले तेव्हाही राग गेलेला नव्हता, आणि तो लपवायची तिला देवापुढं सवय नाही. ती पुटपुटली, "सहा दिवस तुझा दिवा विझू देणार न्हाय. तेवढे सहा दिवस त्या सरांच्या हातात लाल पेन येऊ देऊ नगंस. आन मोहनरावाचं मला काय सांगू नगंस, त्याचं तू बघ."

मग आबांना म्हणाली, "दिव्यात तेल तुमी घालायचं. राजी खिचडीला जाती, मी न्हाय घरात."

"षष्ठीपतूर रोज?"

"मला काय इचारताय. दिव्याकडं बघा."

शाळेत छकुली सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. दाराशी नाही, आत, फळ्यासमोर. चिंतामण सर गाडी लावत होते. शकुबाई फाटकातूनच म्हणाली, "सर, पाहुणी आली हाय. हजेरी लावा."

सर म्हणाले, "लावतो काकी. पण रोज यायला हवी."

"ते मला सांगू नका. तुमचे अध्यक्ष दिसले तर त्यांना सांगा."

कालव्याच्या पुलावरून तिला माळ दिसला. पहाटेच्या गाड्या रिकाम्या होऊन फडाकडं परतत होत्या, हिरवा ढीग उन्हात एकटा पडला होता, आणि लांबून एका मोटरसायकलीचा आवाज येत होता. तिनं पदर खोचला. आता तिला तळावर जाऊन, शाळा सुटेपर्यंत, झुंबरबाईच्या वाढ्यावर राखण बसायचं होतं.